ऑपरेशन तर यशस्वी झालं होतं, मग सेप्सिस कुठून आला?

ऑगस्ट २०२० ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी घरात पडले. १० ऑगस्टला दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या मेंदूतली रक्ताची गुठळी काढण्यासाठी तातडीचं ऑपरेशन झालं. त्याच वेळी कोविडची टेस्टही पॉझिटिव्ह निघाली. नंतर रोज हॉस्पिटलचं बुलेटिन येत राहिलं. कोमात आहेत, व्हेंटिलेटरवर आहेत, प्रकृती स्थिर आहे. मग फुप्फुसात इन्फेक्शन झाल्याची बातमी आली. त्यानंतर किडनीचं काम थोडं बिघडल्याची. ३१ ऑगस्टच्या सकाळच्या बुलेटिनमध्ये पहिल्यांदा तो शब्द आला: फुप्फुसातल्या संसर्गामुळे सेप्टिक शॉक. त्याच संध्याकाळी त्यांचं निधन झालं. वय ८४.

ती तीन आठवड्यांची बुलेटिनं ओळीने वाचली, तर मेंदूच्या ऑपरेशननंतर माणूस कोणत्या वाटेने खालावतो हे कळतं. आजार डोक्यात होता, गुठळी डोक्यातून काढली. घात झाला तो छातीतून.

देशाच्या माजी राष्ट्रपतींची बातमी होती म्हणून आपल्याला पायरी-पायरीने कळली. आपल्या घरात असं घडतं तेव्हा अशी बुलेटिनं कोण देतं? आमच्या मामूंना मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला होता. ऑपरेशन झालं, डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "रक्त काढलंय, ऑपरेशन नीट झालं." सगळ्यांनी शुक्र अदा केलं, गावाकडे फोन गेले. सहाव्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "पेशंट सेप्सिसमध्ये गेलाय," आणि आत निघून गेले. बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही दहा-बारा जण. कोणी म्हणालं रक्तात जहर झालं. कोणी म्हणालं आत काहीतरी राहून गेलं असेल. मुमानी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या, "ऑपरेशन तो अच्छा हुआ बोले थे ना?"

त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा कोणी दिलं नाही. ते इथे लिहायचा प्रयत्न करतो.

सेप्सिस म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे याला "रक्तात इन्फेक्शन पसरलं", "अंगात पू झाला", "जहर चढलं" असं काहीही म्हणतात. त्यात थोडं खरं आहे, पण मुख्य गोष्ट सुटते. जंतू शरीरात शिरले की शरीर त्यांच्याशी लढतं, ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात. हे रोजचंच आहे. पण कधी कधी ही लढाई शरीराच्या ताब्यातून सुटते. एका खोलीत चोर शिरला म्हणून सगळ्या घरालाच आग लावून द्यावी, तसं काहीसं. जंतू असतात फुप्फुसात किंवा लघवीच्या मार्गात, पण सूज आणि बिघाड सगळ्या अंगभर होतो. बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि झिरपू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर जातं, बीपी खाली येतं. कुठे बारीक गुठळ्या होतात. मग किडनी, लिव्हर, फुप्फुस, हृदय यांना पुरेसं रक्त आणि ऑक्सिजन मिळत नाही, आणि ती एकेक करून थकायला लागतात.

२०१६ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या नव्याने केली, तिचा गाभा हाच आहे: इन्फेक्शनला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद, ज्यामुळे अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो. म्हणजे साधं इन्फेक्शन आणि सेप्सिस यांतली रेषा अवयवांवरून ठरते. पुरेसं सलाईन देऊनही बीपी टिकवायला औषधाची ड्रिप लागत असेल आणि रक्तातलं लॅक्टेट २ च्या वर राहत असेल, तर त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. ही अवस्था फार नाजूक. इथपर्यंत पोचलेल्या रुग्णांपैकी १०० मागे ४० हून अधिक जण हॉस्पिटलमध्येच दगावतात, असं त्या वेळच्या आकडेवारीत दिसलं.

हा आजार दुर्मीळ तर अजिबात नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०२० साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात २०१७ या एका वर्षाचा जगाचा अंदाज दिला होता. सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला, १ कोटी १० लाख गेले. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. तरीही आपल्या मोहल्ल्यात शुगर, बीपी, कॅन्सर हे शब्द पोरासोरांनाही ठाऊक असतात आणि सेप्सिस हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकतो तो आयसीयूच्या दारात.

मेंदूच्या रुग्णालाच का गाठतो

सगळ्यांना वाटतं, डोकं उघडलं म्हणजे इन्फेक्शन डोक्यातच झालं असणार. तसं होतंही. जखमेत पू होतो, मेंदूच्या आवरणांना सूज येते, क्वचित हाडाचा तुकडा सडतो. पण आयसीयूतल्या अशा रुग्णांमध्ये सेप्सिसची सुरुवात बऱ्याचदा छातीतून होते. याचं कारण साधं आहे. शुद्धीत असलेला माणूस दिवसभरात शेकडो वेळा थुंकी गिळतो, ठसका लागला की खोकतो, झोपेतही कूस बदलतो. फुप्फुसं साफ ठेवायची ही अल्लाहने दिलेली व्यवस्था मेंदू चालवतो. मेंदूला मार लागला की ती बंद पडते. तोंडातली लाळ, पोटातून वर आलेलं अन्न हळूहळू श्वासनलिकेत उतरतं. त्यात घशातून घातलेली व्हेंटिलेटरची नळी. ती नळी श्वास देते, जीव वाचवते, पण त्याच नळीच्या कडेने जंतू खाली सरकतात. व्हेंटिलेटरवर ४८ तासांहून जास्त राहिलेल्या रुग्णाला होणाऱ्या न्यूमोनियाला डॉक्टरांनी वेगळं नावच दिलं आहे, इतका तो नेहमीचा आहे.

मग बाकीच्या नळ्या. लघवीची नळी. मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, जिच्यातून औषधं जातात. नाकातून पोटात गेलेली जेवणाची नळी. आणि काही रुग्णांना डोक्यातच एक नळी असते. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत पाणी तयार होत असतं, दिवसाला साधारण अर्धा लिटर. रक्तस्राव झाला की त्या पाण्याची वाट अडते, दाब वाढतो. म्हणून ते पाणी बाहेर पिशवीत काढायला नळी ठेवतात. त्या पाण्याकडे बघूनच डॉक्टरांना बरंच कळतं. पण ही नळी जितके दिवस राहते आणि तिला जितक्या वेळा हात लागतो, तितका इन्फेक्शनचा धोका वाढत जातो. तिच्यातून जंतू गेले तर थेट मेंदूच्या पोकळीत पोचतात.

याला जोडून आणखी एक गोष्ट असते, जी बाहेरून दिसत नाही. मेंदूला मोठी इजा झाली की शरीराची प्रतिकारशक्तीही काही दिवस दबून जाते. मेंदू आणि प्रतिकारशक्ती यांचं आपसांत सतत बोलणं चालू असतं, ते विस्कळीत होतं. ब्रेन ट्यूमरच्या रुग्णांना सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देतात, त्याने प्रतिकारशक्ती आणखी उतरते आणि शुगर चढते. आधीच डायबेटिस असेल, वय झालेलं असेल, तर विचारूच नका.

मुमानींच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. ऑपरेशन खरंच चांगलं झालेलं असू शकतं. सर्जनने डोक्यातलं काम चोख केलेलं असतं. पण ऑपरेशन संपलं त्या क्षणी दुसरी लढाई सुरू होते. ती दोन-तीन आठवडे चालते आणि तिच्यात सर्जनच्या हातापेक्षा नर्सिंग, नळ्यांची देखभाल आणि रुग्णाचं शरीर यांचा वाटा मोठा असतो. हॉस्पिटलची कधीच चूक नसते असं माझं म्हणणं नाही. हात न धुता एका पेशंटवरून दुसऱ्याकडे जाणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. पण सेप्सिस झाला म्हणजे ऑपरेशन फसलं, हा हिशेब चुकीचा आहे.

ओळखायला एवढा वेळ का लागतो

"तीन दिवस ताप होता, तेव्हाच का नाही पकडलं?" आम्हीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं, आणि आवाज चढवून विचारलं होतं. आज वाटतं, प्रश्न बरोबर होता, आवाज चुकला.

अडचण अशी आहे. इतर रुग्णांत सेप्सिसची जी लक्षणं असतात, ती मेंदूच्या रुग्णात मेंदूच्या आजारामुळेच आधीपासून असतात. सेप्सिसमध्ये माणूस गुंगीत जातो, बरळतो. पण हा रुग्ण आधीच बेशुद्ध आहे. शुद्ध मोजायला डॉक्टर ३ ते १५ असे मार्क देतात. तोंडात नळी असली की बोलण्याचे मार्क नीट देताच येत नाहीत, शिवाय झोपेची औषधं चालू असतात. सेप्सिस किती गंभीर आहे हे ठरवणाऱ्या गुणांकनात हेच शुद्धीचे मार्क धरलेले आहेत. म्हणजे मोजपट्टीच्या एका टोकावर पहिल्यापासून वजन ठेवलेलं.

तापाचंही तसंच. शरीराचं तापमान ठरवणारं केंद्र मेंदूतच आहे. मेंदूत, विशेषतः त्याच्या पोकळ्यांत, रक्तस्राव झाला की कुठलाही जंतू नसताना ताप येतो. असा ताप बऱ्याचदा पहिल्या तीन दिवसांत सुरू होतो आणि सगळी कल्चर कोरी येतात. डॉक्टर "डोक्याचा ताप आहे" म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत असतील असं नाही. पण एकदा हे लेबल लागलं की खरं इन्फेक्शन त्याखाली झाकलं जायचीही भीती असते. म्हणून आधी इन्फेक्शन शोधायचं, ते कुठेच सापडलं नाही तरच डोक्याचा ताप म्हणायचं, असा नियम आहे. उलट बाजूने, स्टिरॉइडवर असलेल्या रुग्णाला मोठं इन्फेक्शन असूनही ताप दबलेला राहू शकतो. त्याच औषधाने पांढऱ्या पेशी इन्फेक्शन नसतानाही वाढतात. रिपोर्टमध्ये पेशी १८ हजार दिसल्या म्हणून लगेच निष्कर्ष काढता येत नाही.

डोक्यातल्या पाण्याची तपासणी तर आणखी गोंधळात टाकणारी. ऑपरेशन झालं, रक्त मिसळलं की त्या पाण्यात तशाही पेशी वाढलेल्या असतात, जंतू असोत वा नसोत. म्हणून डॉक्टर एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. पाण्यातली साखर आणि लॅक्टेट किती, काल किती होतं, कल्चरमध्ये काय उगवलं, हे सगळं जुळवून बघतात.

मग शंका येते कशावरून? अनुभवी डॉक्टर आणि सिस्टर छोट्या बदलांवर लक्ष ठेवतात. कालपर्यंत ताशी ५०-६० मिली होणारी लघवी २० वर आली. श्वासाचा वेग वाढला. नळीतून निघणारा कफ पिवळा, घट्ट झाला. हातपाय थंड, त्वचेवर चट्टे. बीपीच्या औषधाची गरज नसताना आज लागली. शुगर अचानक आवरेना. काल आवाज दिल्यावर डोळे उघडत होते, आज नाही आणि सीटी स्कॅनमध्ये नवीन काही दिसत नाही. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. दोन-तीन एकत्र आल्या की धावपळ सुरू होते.

धावपळ कसली असते

आतून अचानक औषधांची लांबलचक चिठ्ठी बाहेर येते आणि कोणीतरी मेडिकलकडे पळतं, त्या वेळी आत काय चाललेलं असतं ते समजून घेऊ.

पहिलं काम रक्ताचं कल्चर. शक्यतो अँटिबायोटिक देण्याआधी रक्त, कफ, लघवी आणि गरजेप्रमाणे डोक्यातलं पाणी तपासायला जातं, कारण औषध गेल्यावर जंतू उगवणं कठीण होतं. पण त्यासाठी औषध थांबवून ठेवायचं नसतं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२१ मध्ये सुधारल्या गेल्या. त्या म्हणतात, शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर अँटिबायोटिक लगेच, शक्यतो एका तासाच्या आत. हा तास उगाच ठरवलेला नाही. २००६ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. बीपी पडल्यानंतर योग्य अँटिबायोटिक द्यायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी घटत गेल्याचं त्यात दिसलं. म्हणून चिठ्ठी हातात आली की आधी औषध आणा, भांडण नंतर करा. आम्ही उलट केलं होतं.

दुसरं, सलाईन. साधारणपणे पहिल्या तीन तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३० मिली सुचवलेलं आहे. ६० किलोच्या माणसाला पावणेदोन लिटरच्या आसपास. त्यानेही बीपी सावरलं नाही तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिनची ड्रिप.

इथे मेंदूचा रुग्ण पुन्हा वेगळा पडतो. मेंदूला रक्त किती मिळेल हे दोन गोष्टींवर ठरतं: रक्ताचा दाब किती, आणि कवटीच्या आतला दाब किती. पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरतं तेवढ्याच जोरावर रक्त मेंदूत शिरतं. मेंदू सुजलेला असताना बीपी पडलं, तर ती बाकी फारच थोडी राहते, आणि वाचलेल्या मेंदूलाही इजा होते. म्हणून अशा रुग्णाचं बीपी जरा वरच ठेवावं लागतं. सलाईनही कुठलंही चालत नाही. पातळ सलाईनने मेंदूची सूज वाढते. जास्त दिलं तर फुप्फुसात पाणी. कमी दिलं तर किडनी बसते. अशी ही दोरीवरची कसरत.

अँटिबायोटिकचीही वेगळी कथा. मेंदूभोवती निसर्गाचा एक पहारा असतो, तो रक्तातल्या बऱ्याच औषधांना आत सोडत नाही. छातीसाठी उत्तम असलेलं औषध डोक्यात पोचेलच असं नाही. म्हणून आत शिरणारी औषधं मोठ्या डोसमध्ये द्यावी लागतात. हट्टी जंतू असले तर कधी डोक्यातल्या नळीतूनच औषध सोडतात. एक बारकावा नातेवाइकांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मेंदूच्या अनेक रुग्णांना फिट येऊ नये म्हणून व्हॅल्प्रोएट नावाचं औषध चालू असतं. सेप्सिससाठी मेरोपेनेम सुरू केलं की रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्याने खाली जातं आणि फिट येऊ शकते. आयसीयूच्या डॉक्टरांना हे माहीत असतं. पण पेशंट एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे हलवला गेला असेल, तर आधीच्या गोळ्यांची पूर्ण यादी नव्या डॉक्टरांच्या हातात द्या.

आणि तिसरं काम, जंतूंचं घर मोडणं. नुसत्या औषधाने भागत नाही. संशय असलेली नळी काढायची किंवा बदलायची, पू असेल तर काढायचा, कधी जखम पुन्हा उघडायची. "परत ऑपरेशन? आधीचंच चुकलं असणार" असा विचार मनात येतो, पण बऱ्याचदा जीव वाचवायचा तोच रस्ता असतो.

दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर औषध बदलतात. त्यावरही कॉरिडॉरमध्ये कुजबुज होते की आधीचं चुकीचं होतं, म्हणून बदललं. तसं नसतं. सुरुवातीला जंतू कोणता हे माहीत नसतं, म्हणून मोठं जाळं टाकतात. नाव कळलं की नेमकं औषध. मात्र आपल्या देशातल्या आयसीयूंमध्ये क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर असे जंतू आहेत, ज्यांना मेरोपेनेमसारखी भारी औषधंही अनेकदा लागू पडत नाहीत. रिपोर्टवर सगळीकडे "आर" लिहिलेलं येतं, म्हणजे रेझिस्टंट. मग कोलिस्टिनसारखं जुनं, किडनीला त्रास देणारं औषध काढावं लागतं. हे जंतू असे का झाले, याचा एक धागा आपल्या घरापर्यंतही येतो. सर्दी झाली की मेडिकलवाल्याकडून तीन गोळ्या घ्यायच्या, दोन खाऊन एक कपाटात ठेवायची. अनेक भारी अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, दिल्याची नोंद ठेवावी, असा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. गल्लीतल्या दुकानात तो किती पाळतात, हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

घरच्यांच्या हातात काय आहे

इथे थोडं स्पष्ट बोलावं लागेल. अयादतीला जाणं आपल्याकडे मोठ्या सवाबचं काम मानतात, आणि त्यात मायाही असते. पण आयसीयूत पंधरा माणसं एकेक करून पलंगाजवळ जाऊन आली की पंधरा जोड्या हात आत जाऊन आलेले असतात. घरातले एक-दोघेच आत जातील असं ठरवा. बाकीच्यांनी बाहेरूनच दुआ करावी. सर्दी-खोकला असलेल्याने तर जाऊच नये.

आत जाताना आणि बाहेर येताना दारातल्या बाटलीतलं औषध हाताला चोळायचं. काही जण त्यात अल्कोहोल आहे म्हणून मागे सरतात, मी पाहिलंय. हा प्रश्न आलिमांसमोर फार पूर्वी येऊन गेला आहे. जानेवारी २००२ मध्ये मक्केत मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह कौन्सिलची १६ वी बैठक झाली. जखम साफ करायला, जंतू मारायला आणि अंगाला लावायच्या मलमांत अल्कोहोल वापरायला त्या बैठकीने मुभा दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या हात स्वच्छ ठेवण्याच्या मार्गदर्शिकेत हा निर्णय नोंदवला आहे. मनाला तरीही खटकत असेल, तर साबण-पाण्याने नीट हात धुवा. पण काही न करता आत जाऊ नका.

आता जमजमची गोष्ट. आमच्या मामूंना चौथ्या दिवशी मामेभावाने सिस्टरची नजर चुकवून दोन चमचे जमजम पाजलं. नीयत साफ होती. पण तेव्हा मामू पूर्ण शुद्धीत नव्हते, गिळता येत नव्हतं, जोराचा ठसका लागला. न्यूमोनिया त्यानेच झाला का, हे कोणीही सांगू शकणार नाही. भावाच्या मनातून मात्र ते आजही जात नाही. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात जमजम, मध, खजूर, सूप, साधं पाणी, काहीही घालू नका. सिस्टरला विचारून ओल्या कापसाने ओठ भिजवता येतात. पेशंटच्या डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर ठेवलेली असते, तीही "मान अवघडली असेल" म्हणून खाली करू नका. त्या उंचीने मेंदूतला दाब कमी राहतो आणि पोटातलं फुप्फुसात जायलाही आळा बसतो.

डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठेवा, तोच रोज जाईल. नुसतं "कसं आहे?" विचारलं की "सीरियस आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा इन्फेक्शनचं मूळ कुठे सापडलं, कल्चर कधी पाठवलं आणि रिपोर्ट कधी येणार, बीपीची ड्रिप कालपेक्षा वाढली की कमी झाली, लघवी किती झाली, कोणती नळी आता काढता येईल का, असं विचारा. नम्रपणे विचारलेल्या अशा प्रश्नांनी डॉक्टर चिडत नाहीत, उलट सविस्तर बोलतात. वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. तीन दिवसांची वही समोर ठेवली की माणूस सुधारतोय की उतरतोय, हे तुम्हालाच दिसू लागेल.

पैशांचं काय? आयसीयूचं एक दिवसाचं बिल बघून हात कापतात आणि दहाव्या दिवशी "घरी नेतो" अशी सही करायची वेळ येते. बीपीच्या ड्रिपवर असलेला पेशंट ती बंद करून हलवला, तर तो रस्त्यातच दगावू शकतो. म्हणून पैशांची गोष्ट पहिल्याच दिवशी काढा. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेतलं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, अर्थात यादीत बसणाऱ्या उपचारांना. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या सोशल वर्करकडे जा. सरकारी हॉस्पिटलमध्ये हलवायचंच ठरलं, तर आधी तिथे व्हेंटिलेटरची खाट पक्की करा. मग डॉक्टर सोबत असलेली अ‍ॅम्ब्युलन्स घ्या आणि कल्चरचे सगळे रिपोर्ट बरोबर ठेवा.

घरी आल्यावर

मामू ३४ दिवसांनी घरी आले. पायाची ताकद गेलेली, गळ्यात श्वासाची नळी, रात्री झोप नाही, मधेच नावं विसरायचे. सेप्सिसमधून उठलेल्या माणसाला असा थकवा, विसर आणि घाबरेपणा महिनोन् महिने राहू शकतो. घरच्यांना वाटतं डोक्याचं ऑपरेशन बिघडलं. रोजचा व्यायाम, पोटभर प्रोटीन आणि सबुरी यांनी बरंच भरून येतं. मामू आता काठी घेऊन चालतात, डावा हात अजून मंद आहे.

पहिले काही महिने मात्र नजर ठेवावी लागते, कारण एकदा सेप्सिस होऊन गेलेल्याला तो पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. थंडी वाजून ताप, वाढती झोप किंवा बरळणं, लघवी कमी होणं, धाप, टाक्यांतून पाणी किंवा पू, नाकातून पाण्यासारखं पातळ गळणं, मान कडक होणं. यातलं काहीही दिसलं तर गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन रात्र काढू नका. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा कल्चर रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी एका पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा. तीच पिशवी उचलून थेट हॉस्पिटल गाठा आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: "यांच्या मेंदूचं ऑपरेशन झालंय, आधी सेप्सिस होऊन गेलाय."